नवीन फोन घ्यायचाय? आधी जुन्या फोनला विचारा

"अगं, कोणता फोन घेऊ सांग ना" असा मेसेज मला सारखा येतो, कधी मावशीचा, कधी ऑफिसातल्या कुणाचा, कधी शाळेतल्या मैत्रिणीचा जी वर्षभर बोललेली नसते. आणि मी दरवेळी उलट एकच विचारते, की आत्ता हातात जो फोन आहे त्याची बॅटरी दिवसभरात कशाकशाने संपते ते बघून सांग. बहुतेकांना ते माहीतच नसतं. मग यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून, मेगापिक्सेल आणि रॅमचे आकडे मोजून फोन घेतला जातो आणि सहा महिन्यांनी तक्रार सुरू होते.

हे मी स्वतःच्या घरात बघितलंय. बाबांसाठी मी एकदा फोन घेतला, 108 मेगापिक्सेलचा कॅमेरा, 8 जीबी रॅम, कागदावर एकदम मस्त. बाबा फोटो काढतात महिन्यातून चार. त्यांचं सगळं काम फोनवर बोलणं, उन्हात उभं राहून मेसेज वाचणं आणि रात्री बातम्या बघणं. त्या फोनची स्क्रीन उन्हात दिसायची नाही, आणि बोलताना गाल लागून कॉल म्यूट व्हायचा कारण त्यात खरा प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे फोन कानाजवळ गेला की स्क्रीन बंद करणारा भागच नव्हता, सॉफ्टवेअरने अंदाज लावायची सोय होती. बाबा दोन वर्षं काही बोलले नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून. तेव्हापासून मी फोनची माहिती वाचायच्या आधी माणसाची माहिती घेते. खाली त्याच क्रमाने सगळं लिहिलंय, लांबलंय पण फोन तीन-चार वर्षं वापरायचा असतो तर एक तास द्या याला.

पायरी 1: जुन्या फोनची नीट चौकशी करा

अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडा, आयफोन असेल तर स्क्रीन टाईम. कुठल्या ॲपवर किती तास जातात ते दिसेल. एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस, दोन्ही बघा, कारण दोन्हींत बराच फरक असतो. मग बॅटरी युसेज उघडा, कुठलं ॲप किती टक्के खातंय ते बघा. मग स्टोरेज. इथे एक छोटं गणित करायचं. समजा तुमचा फोन तीन वर्षांचा आहे आणि फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सॲप, ॲप्स सगळं धरून 90 जीबी भरलंय, म्हणजे वर्षाला साधारण 30. नवीन फोन चार वर्षं वापरणार असाल तर अजून 120, आणि आधीचे 90 तर नव्यात जाणारच, झाले 210. म्हणजे तुम्हाला 256 जीबीचा फोन लागतोय, 128 घेतला तर दुसऱ्या वर्षीच "स्टोरेज फुल" सुरू. हे गणित कुठलाही रिव्ह्यूवाला तुमच्यासाठी करू शकत नाही.

त्यानंतर एका कागदावर जुन्या फोनच्या तक्रारी लिहा. खऱ्या तक्रारी, म्हणजे "जुना झाला" असं नाही, तर "संध्याकाळी पाचलाच 15 टक्के", "कॅमेरा उघडायला चार सेकंद", "मॅप लावला की गरम होतो" असं. आणि आता प्रत्येक तक्रारीपुढे लिहा की ही नवीन फोनशिवाय सुटेल का. फक्त बॅटरीचीच तक्रार असेल आणि फोनला अजून सिक्युरिटी अपडेट येत असतील तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी बदलून घ्या, फोन पुन्हा बराच नवा वाटतो. स्लो झालाय आणि स्टोरेज 95 टक्के भरलेलं आहे असं असेल तर आधी 20-30 जीबी रिकामं करून आठवडाभर वापरून बघा. मी असं करायला सांगितल्यावर दोघीतिघींनी फोन घ्यायचा बेतच रद्द केला, आणि मला ते फोन निवडून देण्याइतकंच आवडतं.

पायरी 2: तीन गोष्टी पक्क्या करा, आणि एक सोडून द्या

चौकशी झाली की तीनच गोष्टी लिहायच्या ज्या नव्या फोनमध्ये चांगल्या असल्याच पाहिजेत. तीनच. सगळं चांगलं पाहिजे म्हटलं की बजेट पळत सुटतं. दिवसभर बाहेर फिरून काम करणारा असेल तर बॅटरी, उन्हात दिसणारी स्क्रीन, नेटवर्क. घरात लहान मूल असेल तर पटकन फोटो काढणारा कॅमेरा, स्टोरेज, व्हिडिओ. आजीसाठी असेल तर मोठा आवाज, खरा प्रॉक्सिमिटी सेन्सर, आणि जाहिराती न दाखवणारं सॉफ्टवेअर. जाहिरातींचं मुद्दाम लिहितेय, काही फोनांत लॉक स्क्रीनवर आणि सेटिंग्जमध्येसुद्धा जाहिराती येतात आणि वयस्कर माणसं त्यांना खरे मेसेज समजून दाबतात.

आणि एक गोष्ट अशी लिहा जी नसली तरी चालेल. गेम खेळत नाही तर तगडी चिप सोडा. फोटो क्वचितच काढता तर टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स सोडा. ही सोडलेली गोष्टच पैसे वाचवते.

पायरी 3: अँड्रॉइड की आयफोन

यावर लोक भांडतात, मी फार लिहीत नाही. आधीपासून जे वापरताय ते सोडायला काही ठोस कारण नसेल तर तेच ठेवा. बदलणार असाल तर तीन गोष्टी तपासा. एक, विकत घेतलेली ॲप्स दुसरीकडे पुन्हा विकत घ्यावी लागतात. दोन, घड्याळ. ॲपल वॉच फक्त आयफोनसोबत चालतं, आणि सॅमसंगची 2021 च्या वॉच 4 पासूनची घड्याळं आयफोनसोबत चालत नाहीत. तीन, व्हॉट्सॲपचे चॅट. ते एकीकडून दुसरीकडे नेता येतात, पण त्याची पद्धत आधी वाचून ठेवा आणि नवा फोन पहिल्यांदा सेट करतानाच ते काम उरका, नंतर नेऊ म्हटलं तर फोन पुन्हा रीसेट करायची वेळ येऊ शकते.

पायरी 4: अपडेट किती वर्षं, हे आधी बघा

दुकानात कुणी हे विचारत नाही आणि फोन किती वर्षं टिकणार ते मुख्यतः यावरच ठरतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक अँड्रॉइडचं नवीन व्हर्जन आणि दुसरी सिक्युरिटी अपडेट. नवीन व्हर्जन नाही मिळालं तर रंगरूप जुनं राहतं, चालून जातं. सिक्युरिटी अपडेट बंद झाले की सापडलेल्या त्रुटी तुमच्या फोनमध्ये तशाच उघड्या राहतात, आणि फोनमध्येच बँक, ओटीपी, आधीचे सगळे फोटो, सगळं आहे. शिवाय ॲप्ससुद्धा हळूहळू जुन्या सिस्टीम सोडतात. मे 2025 मध्ये व्हॉट्सॲपने आयओएस 15.1 च्या खालच्या आयफोनवर चालणं बंद केलं, फोन धडधाकट असलेल्या लोकांनाही मग नवा घ्यावा लागला.

गुगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 ला सात वर्षांचे अपडेट जाहीर केले, 2024 च्या सुरुवातीला सॅमसंगने गॅलेक्सी एस24 ला तेवढेच दिले. पण कंपनीचं नाव बघून खूश होऊ नका, त्याच कंपनीच्या स्वस्त मॉडेलला वेगळी वर्षं असतात. ज्या मॉडेलचा विचार आहे त्याच मॉडेलचं कंपनीच्या वेबसाईटवर शोधा.

आणि ही वर्षं सहसा फोन बाजारात आला तेव्हापासून मोजली जातात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. चार वर्षांचे सिक्युरिटी अपडेट असलेला फोन तुम्ही दीड वर्षाने सवलतीत घेतला तर तुमच्या वाट्याला अडीच वर्षं येतात. म्हणून सवलत बघताना किमतीला उरलेल्या वर्षांनी भागून बघा, कधीकधी महाग वाटणारा फोन वर्षाच्या हिशोबाने स्वस्त पडतो.

दुकानात डेमो फोन हातात आला की सेटिंग्जमध्ये अबाउट फोनच्या आत सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. पाच-सहा महिने जुनी तारीख दिसली तर फोन नेटला जोडलेला होता का ते विचारा, जोडलेला असूनही तारीख जुनी असेल तर कंपनी त्या मॉडेलकडे किती लक्ष देतेय ते कळलंच.

पायरी 5: चिप, रॅम, स्टोरेज

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते म्हणून जरा थांबून लिहिते.

चिप म्हणजे प्रोसेसर. आयफोनमध्ये ॲपलच्या ए सिरीजच्या, अँड्रॉइडमध्ये मुख्यतः क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन आणि मीडियाटेकच्या डायमेन्सिटी, काही सॅमसंग फोनांत एक्सिनॉस, पिक्सेलमध्ये टेन्सर. स्नॅपड्रॅगनमध्ये पहिला आकडा दर्जा सांगतो, 8 वरची, मग 7, मग 6, मग 4. पुढचं जेन किती ते पिढी सांगतं. पण नवं नाव म्हणजे नवी चिप असं नसतं. स्नॅपड्रॅगन 6एस जेन 3 हे नाव 2024 चं आहे, पण आतून ती 2021 च्या स्नॅपड्रॅगन 695 चीच थोडी जास्त वेगाने चालवलेली आवृत्ती आहे. डायमेन्सिटी 6080 ही आधीच्या 810 चंच दुसरं नाव. म्हणून चिपचं नाव सर्च करून ती किती नॅनोमीटरची, म्हणजे किती बारीक बनवलेली, आतले कोअर, म्हणजे गणितं करणारे भाग कुठले, आणि पहिल्यांदा कधी आली ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

वरच्या दर्जाची चिप म्हणजे सगळं छान असंही नाही. स्नॅपड्रॅगन 8 जेन 1 खूप तापायची म्हणून गाजली, 2022 मध्येच क्वालकॉमने तिचं उत्पादन सॅमसंगकडून तैवानच्या टीएसएमसी कंपनीकडे हलवून 8 प्लस जेन 1 काढली आणि तापणं बरंच कमी झालं. म्हणजे नावात एका प्लसचा फरक आणि वापरताना दोन वेगळे फोन. चिप तापली की फोन स्वतःच वेग कमी करतो. त्यामुळे बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजायच्या चाचणीचा, एकदाचा स्कोअर बघू नका, ज्या रिव्ह्यूमध्ये वीस-तीस मिनिटं सलग लोड देऊन शेवटी वेग किती उरला ते दाखवलंय तो बघा. गेम खेळणाऱ्यांनी आणि उन्हात मॅप लावून गाडी चालवणाऱ्यांनी तर नक्कीच.

रॅम. आज साधा वापर असेल तर 6 चालते, 8 आरामात पुरते, त्यापुढे जड गेम किंवा फोनमधलं एआय वगैरे हवं असेल तर 12. आयफोनचा आकडा अँड्रॉइडशी ताडून बघू नका, दोन्ही सिस्टीम मेमरी वेगळ्या तऱ्हेने वापरतात. आणि "8 अधिक 8 म्हणजे 16 जीबी" असं लिहिलेलं दिसलं की पुढचे 8 विसरून जा. ती व्हर्च्युअल रॅम असते, म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरायचा, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं. खरे 8 ते 8 च.

स्टोरेज. किती जीबी ते पहिल्या पायरीत काढलंच आहे. 128 लिहिलेल्या फोनमध्ये सिस्टीमच बरीच जागा घेते, पूर्ण 128 तुम्हाला कधीच मिळत नाही, आणि 10-15 टक्के रिकामं ठेवावं लागतं नाहीतर फोन अडखळतो. पण किती यापेक्षा कुठलं हे जास्त महत्त्वाचं. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी प्रकारचं स्टोरेज असतं, त्यावरच्यात यूएफएस प्रकारचं. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं, दोन्ही एकदम नाही जमत. यूएफएसला दोन्ही एकदम जमतं. म्हणूनच स्वस्त फोनमध्ये मागे ॲप अपडेट होत असताना तुम्ही गॅलरी उघडायला गेलात की फोन गोठल्यासारखा होतो, लोक शिव्या प्रोसेसरला देतात आणि दोष स्टोरेजचा असतो. यूएफएस 2.2 असेल तर रोजच्या वापराला ठीक, 3.1 किंवा 4.0 असेल तर छानच.

अजून एक बारीक गोष्ट, एकाच मॉडेलमध्येसुद्धा फरक असू शकतो. गॅलेक्सी एस23 मध्ये 128 जीबीच्या फोनला यूएफएस 3.1 होतं आणि 256 ला 4.0. म्हणून रिव्ह्यूवाल्याने कुठला व्हेरियंट वापरला ते बघा, बऱ्याचदा त्याच्याकडे वरचा असतो आणि आपण खालचा घेतो.

मेमरी कार्ड टाकायचं असेल तर स्लॉट हायब्रिड आहे का बघा, हायब्रिडमध्ये दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हीतलं एकच बसतं.

पायरी 6: स्क्रीन आणि हातात बसणं

अजूनही 6.7 इंचाच्या फोनमध्ये 720 पिक्सेल रुंदीची स्क्रीन देऊन विकतात. तिथे इंचाला साधारण 260 पिक्सेल येतात, 1080 असेल तर 390 च्या पुढे. दिवसभर वाचणाऱ्या माणसाला हा फरक डोळ्यांना जाणवतो, बारीक अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. 1080 च्या खाली जाऊ नका. त्याच्या वर गेलात तर फार फरक पडत नाही.

एलसीडी की अमोलेड? अमोलेडमध्ये काळा रंग म्हणजे पिक्सेल बंद, त्यामुळे काळा खरा काळा दिसतो आणि डार्क मोडला बॅटरी वाचते. पण काही लोकांचे डोळे आणि डोकं अमोलेडमुळे दुखतं, कारण ब्राइटनेस कमी करायला बरेच पॅनेल खूप वेगाने चालू-बंद होत राहतात. तुम्हाला असा त्रास होत असेल तर दुकानात फोनचा ब्राइटनेस एकदम कमी करा आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातून, जमल्यास शटर स्पीड वाढवून, त्याच्याकडे बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो फोन तुमच्यासाठी नाही.

ब्राइटनेसचे निट्स, म्हणजे स्क्रीन किती उजळते त्याचं माप, बघताना जाहिरातीतला पीक आकडा धरू नका, तो स्क्रीनच्या इवल्याशा भागावर, एचडीआर व्हिडिओत, काही क्षणांसाठी असतो. हाय ब्राइटनेस मोडचा आकडा शोधा, पूर्ण स्क्रीन उन्हात किती उजळते ते त्याने कळतं. 1000 च्या आसपास असेल तर उन्हात वाचता येतं.

120 हर्ट्झ, म्हणजे स्क्रीन सेकंदाला 120 वेळा ताजी होणं, छान वाटतं, स्क्रोल करताना फरक दिसतो, पण 90 वर कुणाचं काही अडत नाही. एलटीपीओ स्क्रीन असेल तर ती गरजेप्रमाणे 1 पासून 120 पर्यंत खालीवर होते आणि बॅटरी वाचते.

आकाराचं मात्र मनावर घ्या. इंच बघून काही कळत नाही, रुंदी मिलिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये बघा. मी काय करते, फोनची लांबी-रुंदी वेबसाईटवरून घेऊन तेवढा जाड पुठ्ठा कापते आणि एक दिवस खिशात, हातात, पर्समध्ये फिरवते. अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का, बसताना खिशात टोचतो का, सगळं समजतं. 75 मिलिमीटरच्या पुढे रुंदी गेली की माझ्या हाताला एका हाताने टाईप करणं जमत नाही. तुमचा हात मोठा असेल, म्हणून तुमचा पुठ्ठा तुम्हीच कापा. वजनात कव्हरचे 30-40 ग्रॅम धरा, 220 चा फोन कव्हरसकट पाव किलोचा होतो आणि झोपून वाचणाऱ्यांची करंगळी दुखते.

पायरी 7: बॅटरी आणि चार्जिंग

5000 एमएएच हा आता नेहमीचा आकडा झालाय, सिलिकॉन कार्बन प्रकारच्या बॅटऱ्या आल्यापासून त्याच जाडीत 6000, 7000 सुद्धा मिळतात. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, चिप खादाड असेल तर 5500 वाला 5000 वाल्याच्या आधी झोपतो. रिव्ह्यूमध्ये स्क्रीन किती तास चालली ते बघा आणि पहिल्या पायरीत काढलेल्या तुमच्या तासांशी ताडून बघा. तुमचे पाच तास असतील आणि फोन आठ तास देत असेल तर दोन वर्षांनी बॅटरी थोडी थकली तरी दिवस निघेल. आज जेमतेम पुरणारा फोन पुढच्या वर्षी पुरणार नाही.

बॅटरी थकण्याचं मोजमाप सायकलमध्ये असतं. दोन दिवस 50-50 टक्के वापरली तर ती मिळून एक सायकल. ॲपल आयफोन 14 पर्यंतच्या फोनांना 500 सायकलनंतर 80 टक्के क्षमता राहील असं सांगायची, आयफोन 15 पासून तोच आकडा 1000 आहे. युरोपियन युनियनने जून 2025 पासून तिथे विकायला येणाऱ्या फोनांना 800 सायकलनंतर किमान 80 टक्के हवीच असा नियम केलाय. तुमच्या मॉडेलचा आकडा कंपनी देत असेल तर नक्की बघा, रोज एक सायकल लागत असेल तर 500 म्हणजे दीड वर्षसुद्धा नाही.

चार्जिंगचे वॅट. 80, 100, 120 असे आकडे बहुतेक वेळा कंपनीच्याच चार्जर आणि केबलवर मिळतात, दुसरा चार्जर लावला की तोच फोन हळू चार्ज होतो. म्हणून बघा की फोन यूएसबी पीडी आणि पीपीएस, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांत सामायिक असलेल्या फास्ट चार्जिंगच्या पद्धती, घेतो का आणि किती वॅटपर्यंत घेतो, म्हणजे एकाच चार्जरवर लॅपटॉप, फोन, इअरबड्स सगळं भागतं. बॉक्समध्ये चार्जर आहे की नाही तेही आधीच बघा, नसेल तर तो खर्च बजेटमध्ये धरा.

पायरी 8: कॅमेरा

मेगापिक्सेल सोडा. 108 किंवा 200 मेगापिक्सेलचा कॅमेरा साध्या मोडमध्ये नऊ किंवा सोळा पिक्सेल मिळून एक करतो आणि तुमच्या हाती 12 मेगापिक्सेलच्या आसपासचा फोटो येतो. फोटो कसा येणार ते ठरतं सेन्सर केवढा आहे, ओआयएस आहे का, आणि कंपनीचं सॉफ्टवेअर कसं आहे यावर. सेन्सरचा आकार अपूर्णांकात लिहितात, 1/1.3 मोठा आणि 1/2.8 छोटा, खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो, म्हणून घरातल्या बल्बच्या उजेडात फोटो स्वच्छ येतो. ओआयएस म्हणजे लेन्स किंवा सेन्सर स्वतः हलून हाताची थरथर सावरतो, रात्रीच्या फोटोला हे असायलाच पाहिजे.

मागे चार भोकं दिसली म्हणून चार कॅमेरे समजू नका. 2 मेगापिक्सेलचे मॅक्रो (अगदी जवळचं टिपणारा) आणि डेप्थ (मागचं धूसर करायला) हे आकडा भरायला असतात. एक चांगला मुख्य कॅमेरा आणि एक बऱ्यापैकी अल्ट्रावाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारा, एवढं असलं तरी बहुतेकांचं भागतं. लांबून स्टेजवरचे मुलांचे कार्यक्रम टिपायचे असतील तरच खरा ऑप्टिकल झूम असलेली टेलिफोटो लेन्स शोधा.

दुकानात गेलात की बाहेरच्या उजेडात झाडाचा फोटो काढून बघू नका, तो सगळ्यांचा छान येतो. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जा, सोबतच्या माणसाला हात हलवायला सांगा आणि फोटो काढा. हात धुरकट आला तर घरातली पळणारी मुलं पण तशीच येणार. मग चालत चालत व्हिडिओ घ्या, मध्येच मुख्य लेन्सवरून अल्ट्रावाइडवर जा, रंग बदलतात का बघा. सेल्फी कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे का ते पण, हात लांब केला तर चेहरा धूसर येतो का. माझी आत्या व्हिडिओ कॉलवर शिवणकाम शिकवते, तिला ही एकच गोष्ट हवी होती आणि ती कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नव्हती.

पायरी 9: बारीक गोष्टी ज्या नंतर रडवतात

5जी आहे एवढं पुरत नाही, तुमची सिमकार्डची कंपनी जे बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे जे पट्टे वापरते ते फोनमध्ये पाहिजेत. ऑपरेटरचे बँड शोधा आणि फोनच्या माहितीतल्या बँडशी जुळवा. परदेशातून कुणी आणून देत असेल तर हे दोनदा करा, कारण एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगळ्या मॉडेल नंबरने आणि वेगळ्या बँडसकट विकतात, शिवाय तो तिथल्या एखाद्या ऑपरेटरला लॉक केलेलाही असू शकतो. जुळवायचा तो मॉडेल नंबर, नाव नाही.

सेन्सरची यादी वाचा. जायरोस्कोप, म्हणजे फोन कसा वळतोय ते ओळखणारा सेन्सर, नसेल तर 360 अंशांचे व्हिडिओ आणि काही गेम नीट चालत नाहीत. कंपास नसेल तर मॅपवरचा बाण उभ्या जागी दिशा चुकवतो, तुम्ही चालायला लागल्यावरच तो सुधारतो. प्रॉक्सिमिटीपुढे "व्हर्च्युअल" असं लिहिलं असेल तर बाबांचं वाचलंतच. पैसे द्यायला फोन टॅप करत असाल तर एनएफसी. ओटीटी बघत असाल तर वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची कॉपी रोखणारी यंत्रणा, एल1 दर्जाची बघा, एल3 असेल तर स्क्रीन कितीही भारी असू दे, बऱ्याच ओटीटी ॲपवर व्हिडिओ एचडीत मिळत नाही.

आयपी रेटिंग, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. आयपी54 म्हणजे शिंतोडे, आयपी67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आयपी68 म्हणजे त्याहून जास्त आणि किती ते कंपनी सांगते. ही चाचणी नव्या फोनवर, साध्या पाण्यात होते. समुद्राचं पाणी, साबणाचं पाणी यात येत नाही, आणि पाण्याने बिघडला तर वॉरंटी सहसा लागू होत नाही. भरवसा म्हणून असू द्या, पोहायला नेऊ नका.

पायरी 10: मागच्या वर्षीचा मोठा की या वर्षीचा मधला

बजेट मधलं असेल तर हा प्रश्न येतोच आणि माझं मत स्पष्ट आहे, अपडेटची निदान तीन वर्षं शिल्लक असतील तर मागच्या वर्षीचा वरच्या दर्जाचा फोन घ्या. कॅमेरा, स्टोरेजचा वेग, स्पीकर, व्हायब्रेशन, पाण्यापासून संरक्षण, सगळंच वरचं मिळतं. फक्त बॅटरी हीच तुमची पहिली गरज असेल तर नवा मधला फोन बघा, तिथे मोठ्या बॅटऱ्या जास्त मिळतात.

वापरलेला घेणार असाल तर घाई करू नका. *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर काढा, बिलावरच्या आणि बॉक्सवरच्या नंबरशी जुळवा, चोरीला गेलेल्या फोनांच्या यादीत तो नाही ना ते तपासा. विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचं गुगल किंवा ॲपल अकाउंट काढायला लावा आणि मग रीसेट करायला लावा, आधी नुसता रीसेट केला तर फोन जुन्या अकाउंटला अडकून राहू शकतो आणि तुम्हाला तो उघडताच येत नाही. स्क्रीनवर पूर्ण राखाडी चित्र लावा, कीबोर्डचे किंवा आयकॉनचे पुसट डाग दिसले तर बर्न इन झालाय, म्हणजे ती खूण स्क्रीनवर कायमची उमटलीय. दोन्ही स्पीकर, सगळे माइक, फिंगरप्रिंट, सिम टाकून एक खरा कॉल, चार्जिंग लावून पाच मिनिटं, एवढं झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी 11: घेतल्यानंतरचा पहिला आठवडा

फोन घरी आला की लगेच रिटर्नची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. तोपर्यंत फोनला खरं काम लावा, घरातल्या ज्या कोपऱ्यात रेंज कमी येते तिथून बोला, दुपारी उन्हात वाचा, अर्धा तास व्हिडिओ कॉल करा, गरम किती होतो बघा. पहिले दोन-तीन दिवस बॅटरी लवकर संपेल, कारण फोन मागे फोटो लावत, ॲप्स उतरवत असतो, त्यावरून मत बनवू नका. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरचा आकडा खरा.

सोबत आलेली जी ॲप्स नको आहेत ती काढा, जी निघत नाहीत ती डिसेबल करा. हरवलेला फोन शोधायची सोय (अँड्रॉइडवर फाइंड हब, आयफोनवर फाइंड माय) चालू आहे ना बघा.

आणि जुना फोन कुणाला द्यायच्या किंवा रीसेट करायच्या आधी थांबा. दोन टप्प्यांच्या लॉगिनसाठी ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर त्यातली अकाउंट्स नव्या फोनमध्ये हलवली का, आणि तिथला कोड टाकून एकदा खरंच लॉगिन होतंय का, हे करून बघा. बँकेची ॲप्स नव्यात सुरू झालीत, व्हॉट्सॲपचे जुने फोटो उघडतायत, सगळे कॉन्टॅक्ट आलेत असं दिसलं तरी जुना फोन निदान पंधरा दिवस तसाच बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवा. काहीतरी एक राहिलेलं असतंच, आणि ते दहाव्या दिवशी आठवतं.